मोडायला निघाले, पण मोडेना!

घरात एखादी जुनी, जड वस्तू असते ना? दर दिवाळीला ती भंगारवाल्याला द्यायचं ठरतं. पण हलवणार कोण? मग ती तिथंच राहते! इंग्लंडमधल्या एका रेल्वेपुलाचं अगदी असंच झालं.

डर्बीशायर आणि नॉटिंगहॅमशायर या परगण्यांच्या सीमेवर इरीवॉश नावाची छोटी नदी आहे. तिच्या दरीवर १८७७ मध्ये बेनर्लीचा पूल बांधून झाला. लांबी सुमारे ४४० मीटर आणि उंची १८ मीटर, म्हणजे जवळजवळ सहा मजली इमारतीएवढी! तेव्हा तिकडे असे पूल बहुतेक विटांचे असत. मग हा लोखंडी का? कारण खालची जमीन कोळशाच्या खाणींनी पोखरलेली होती. जमीन खचली तर विटांच्या जड पुलाला तडे गेले असते. लोखंडी पूल त्या मानानं हलका.

१९१६ च्या ३१ जानेवारीला रात्री जर्मनांच्या झेपेलिन या अवाढव्य हवाई जहाजानं पुलाजवळ बाँब टाकले. पूल मात्र सहीसलामत राहिला!

पुढे १९६८ मध्ये गाड्या बंद झाल्या, रूळ निघाले. आता पूल कशाला ठेवायचा? मोडून टाका! पण हे होतं जुन्या पद्धतीचं घडीव लोखंड. ते गॅसच्या ज्योतीनं धड कापता येईना. एकेक रिव्हेट काढत पूल सोडवायचा, तर खर्च केवढा! शेवटी बेत बारगळला आणि पूल वाचला.

वाचला खरा, पण नुसताच उभा. वर जायला वाटच नव्हती. मग आसपासच्या माणसांनी मनावर घेतलं. कोणी साफसफाई केली, कोणी पैसे जमवले. पुलाची दुरुस्ती झाली, वर चढायला उतार बांधला गेला. अखेर जानेवारी २०२२ मध्ये पूल पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी खुला झाला. पन्नासहून अधिक वर्षांनी!

लोखंड चिवट होतं म्हणून पूल टिकला. पण त्याची वाट झाली, ती माणसं चिवट होती म्हणून. खरं ना?

तुमच्या गावाजवळ एखादा बंद पडलेला पूल आहे का? त्यावर एकट्यानं चढू मात्र नका हं! आधी आजी-आजोबांना विचारा, त्यावरून कोण कोण जायचं? आणि आता त्याचं काय करता येईल, हे आई-बाबांबरोबर बसून ठरवा.