शॅडोची बंदूक आणि एनचा प्रश्न

व्हिडिओ गेमची एक गंमत आहे. खेळणारी पोरं मोठी होतात, हीरो मात्र तेवढाच राहतो. मिसरूड फुटलं, की दादामंडळी म्हणतात, ‘हॅ! हा तर बच्चेकंपनीचा खेळ!’ मग गेमवाल्यांनी करायचं काय?

सेगाचा सॉनिक माहीत आहे ना? १९९१पासून सुसाट पळणारा निळा हेजहॉग. २००५मध्ये याच मालिकेत ‘शॅडो द हेजहॉग’ आला. हा काळा, कपाळावर सदा आठ्या आणि हातात चक्क बंदूक! समीक्षकांनी त्याला चांगलंच झोडपलं. बरोबरच आहे. बाबांचे बूट घातले म्हणून कुणी बाबा होतं का?

आता पोकेमॉन बघा. १९९६ साली जपानमध्ये सुरू झालेला हा खेळ. प्राणी पकडा, शिकवा, झुंजवा. २०१०च्या ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’ या भागांत बंदूकबिंदूक नाही. नवे पोकेमॉन मात्र तब्बल १५६, आणि मुख्य गोष्ट संपेपर्यंत रानात जुना एकही सापडत नाही. पिकाचूसुद्धा नाही! मुरलेला खेळाडूही पुन्हा पहिलीच्या वर्गात.

पण खरी झकास युक्ती पुढेच आहे. एन नावाचा हिरव्या केसांचा तरुण भेटतो. त्याला पोकेमॉनचं बोलणं कळतं. त्यांना पकडून झुंजवणं योग्य आहे का, असा त्याचा प्रश्न. चिंटू बटणं दाबत पुढे जातो. दहावीतली ताई मात्र अडते. एन साफ चुकतोय, असं तिला छातीठोकपणे म्हणता येत नाही ना!