काळी चंद्रकळा आणि सावळी लेक

मैत्रिणींनो, संक्रांतीला आपण हौसेनं काळी चंद्रकळा नेसतो. आणि त्याच हळदीकुंकवाला "मुलगी हुशार आहे हो, पण रंगानं जरा डावी," असं लेकीच्या देखत बोलून जातो. त्या पोरीला काय वाटत असेल?

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी यावर उपाय काढला. आपल्या मुलांना आपल्या माणसांचं कर्तृत्व कळावं, म्हणून इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ साली फेब्रुवारीतला एक आठवडा नेमला. १९७६ पासून तो महिनाभर साजरा होतो. गोष्टी, गाणी, भाषणं, सगळं असतं.

असा इतिहास आपल्या मराठवाड्यातही आहे बरं! मलिक अंबर मूळचा आफ्रिकेतल्या इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, पण पुढं निजामशाहीचा वजीर झाला. त्यानं खडकी गाव, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवलं आणि नहरीनं तिथं पाणी खेळवलं. १६२६ साली तो वारला. कबर खुलताबादला आहे. १६३६ साली मोगलांशी उदगीरचा किल्ला लढवणारा सिद्दी मिफ्ताहही हबशीच!

तेव्हा लातूर-नांदेडच्या भगिनींनो, यंदा रथसप्तमीपर्यंतच्या एखाद्या हळदीकुंकवात वाण देण्याआधी ही गोष्ट सांगा. महिला मंडळातर्फे मुलांना घेऊन, दशम्या-चटणी बांधून उदगीरचा किल्ला दाखवून आणा.

आणि लेकीचं कौतुक करताना तो मधला 'पण' तेवढा गाळा.