आधी देह निववा, मग रुग्णालय गाठा

भोपाळहून नर्मदापुरमच्या वाटेने वीसेक किलोमीटर गेले की रायसेन जिल्ह्यातील मंडीदीप ही उद्योगनगरी लागते. औषधे, ट्रॅक्टर, सूत आणि पोलादाच्या भट्ट्यांना लागणारे ग्राफाइटचे विद्युदग्र जेथे निर्माण होतात, तेथील श्रमिकाला वैशाख-ज्येष्ठात पारा चाळिशीपार नेणारे ऊन आणि छपराखालच्या यंत्रांची धग ही दोन्ही एकाच देहावर सोसावी लागतात. खिशात कांदा ठेवला म्हणजे लू लागत नाही, ही या प्रांतातील श्रद्धा निरुपद्रवी खरी. परंतु भर उन्हात काम करणाऱ्याची जबाबदारी कांद्यावर सोपवून मुकादमाने निश्चिंत व्हावे, इतकी ती विश्वासार्ह नव्हे.

उष्माघात केवळ रखरखीत मुलखातच होतो, हा समजही १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे खोटा ठरला. महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यास लोटलेल्या विराट समुदायातील १४ जण उष्माघाताने दगावले, अशी सरकारी नोंद आहे. पारा चाळिशीच्या आतच होता, मात्र हवेत बाष्प होते आणि श्रोत्यांच्या डोक्यावर छत नव्हते.

अशा वेळी शरीरात जे घडते ते नीट समजून घेतले पाहिजे. आतली उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेतील रक्तवाहिन्या विस्फारतात, हृदयाची गती वाढते आणि एरवी आतड्यांकडे व मूत्रपिंडांकडे जाणारे रक्त त्वचेकडे वळविले जाते. परंतु घामावाटे द्रव घटत गेला म्हणजे हृदयाला पुरेसे रक्त परत मिळत नाही, रक्तदाब कोसळतो, आणि रक्तावाचून उपाशी राहिलेल्या आतड्यांचे अस्तर सैल होऊन तेथील जंतूंचे विष रक्तात उतरते. मग सर्वांगात दाह उसळतो, सूक्ष्म वाहिन्यांत रक्त गोठू लागते, आणि गोठण्याची द्रव्ये अशी खर्ची पडल्यामुळे दुसरीकडे रक्तस्रावही सुरू होतो. आतले तापमान ४० अंशांवर गेले आणि मनुष्य असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला किंवा त्यास झटके आले, की तो उष्माघात समजावा, मग अंग घामाने भिजलेले का असेना. मेंदूला सूज येते; त्यातही देहाचा तोल सांभाळणाऱ्या अनुमस्तिष्कातील पेशी उष्णतेपुढे फार दुबळ्या असल्याने, वाचलेल्या रोग्याच्या चालण्यात व बोलण्यात कधीकधी जन्माचा दोष राहून जातो.

किती हानी होणार हे पारा किती चढला यावर जेवढे अवलंबून असते, तेवढेच तो किती वेळ चढलेला राहिला यावरही असते. अर्ध्या तासाच्या आत तापमान ३९ अंशांखाली आणणे हाच मुख्य उपचार होय. मजबूत तरुण कामगारास मानेपर्यंत बर्फाच्या पाण्यात बसविणे सर्वोत्तम. टाकी नसेल तर ताडपत्रीचे चारही काठ उचलून धरून तिच्यात पाणी व बर्फ ओतावे, तेही नसेल तर अंगावर सतत पाणी शिंपडून पंख्याचा जोरदार वारा घालावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी किंवा पन्हे ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. पॅरासिटामॉलचा येथे काडीचा उपयोग नाही, कारण हा ज्वर नव्हे. आणि ॲस्पिरिनने रक्तस्रावाचे भय वाढते. शिरेतून द्रव देणे, झटके आवरणे, यकृत व मूत्रपिंडे सांभाळणे ही पुढली कामे रुग्णालयाची.

आणि येथेच आपली रीत चुकते. कामगार कोसळला की त्यास गाडीत घालून भोपाळच्या दिशेने पिटाळले जाते, आणि मोलाचा अर्धा तास रस्त्यावरच सरतो. २५०हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उन्हाळ्यात पिण्यास थंड पाणी असावे, अशी तजवीज २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या कारखाना अधिनियमाच्या अठराव्या कलमाने केली होती. कोसळलेल्याचा देह निववण्यासाठी लागणाऱ्या पाण्याचा विचार त्या कलमात नव्हता. मात्र कायद्याच्या हुकमाची वाट पाहावी इतका हा खर्च मोठा नाही. मंडीदीपच्या कारखानदारांनी चैत्र सरण्यापूर्वी प्रत्येक फाटकाजवळ पाण्याची टाकी, बर्फाची पेटी, ताडपत्री आणि गुदद्वारातून तापमान मोजण्याचा तापमापक ठेवावा, आणि वरिष्ठांच्या परवानगीवाचून उपचार सुरू करण्याचा अधिकार पाळीवरील मुकादमास लेखी द्यावा.