करमुक्त मुदत विमा आणि तरुण दाम्पत्यापुढील खरा प्रश्न

रायपूर : वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर आकारला जाणारा 18 टक्के वस्तू व सेवा कर 22 सप्टेंबर 2025 पासून रद्द झाला. वस्तू व सेवा कर परिषदेने 3 सप्टेंबरच्या बैठकीत हा निर्णय घेतला होता. वार्षिक मूळ हप्ता 12,000 रुपये असेल, तर त्यावरील कराचे 2,160 रुपये आता वाचतात. तीस वर्षांच्या मुदतीत ही बचत 64,800 रुपयांवर जाते. मात्र कंपन्यांना स्वतःच्या खर्चावरील कराची वजावट मिळणेही या निर्णयाबरोबर बंद झाले. त्यामुळे केवळ कर गेला यावर विसंबून न राहता प्रत्यक्ष हप्त्याची तुलना करणे आवश्यक ठरते. ‘विमा महाग आहे’ या सबबीचे बळ करमाफीमुळे घटले, हे खरे. पण तरुण दाम्पत्यांचा निर्णय आजवर अडत आला तो प्रामुख्याने किमतीपाशी नव्हे. विम्याकडे गुंतवणूक म्हणून पाहण्याच्या सवयीपाशी तो अडत आला आहे.

रायपूरसारख्या शहरात हा प्रश्न विशेष ठळकपणे दिसतो. सिलतरा व उरला येथील कारखाने, नवा रायपूरमधील कार्यालये, रुग्णालये आणि व्यापारी पेढ्या यांमुळे छत्तीसगडच्या राजधानीत बाहेरून आलेल्या तरुण कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तात्यापारा, बूढापारा, चौबे कॉलनी या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या जोडीला नोकरीनिमित्त विदर्भातून आलेली नवी दाम्पत्येही येथे स्थिरावत आहेत. आईवडील गावी, घराचे कर्ज रायपुरात आणि मिळकत एका किंवा दोन पगारांची, अशी अनेकांची स्थिती असते. पूर्वी घरावर संकट आले की एकत्र कुटुंबाचा, भाऊबंदांचा आधार मिळत असे. दूरच्या शहरातील दोन खोल्यांच्या संसारात तो आधार आपोआप मिळत नाही.

टर्म इन्शुरन्स अर्थात मुदत विमा ही आयुर्विम्यातील सर्वांत साधी योजना होय. ठरलेल्या मुदतीत विमाधारकाचा मृत्यू झाला तर कुटुंबाला ठरलेली रक्कम मिळते. तो हयात राहिला तर काहीही मिळत नाही. नेमकी हीच दुसरी अट अनेकांना खटकते. ‘तीस वर्षे पैसे भरायचे आणि शेवटी हाती शून्य’ हा आक्षेप घरोघरी ऐकू येतो. परंतु विमा म्हणजे भिशी नव्हे. दुचाकीच्या विम्याचे पैसे अपघात झाला नाही म्हणून कोणी परत मागत नाही. हप्ता परत देणाऱ्या मुदत योजनाही बाजारात आहेत. त्यांचा हप्ता साध्या योजनेपेक्षा बराच अधिक असतो आणि तीन दशकांनी परत मिळणाऱ्या रकमेचे मोल महागाईने खाल्लेले असते. शिवाय लग्नानंतर लगेच मृत्यूचा विषय काढणे अनेक घरांत अशुभ मानले जाते. त्यामुळे निर्णय पुढे ढकलला जातो आणि वाढत्या वयाबरोबर हप्ताही वाढतो.

बचत आणि विमा यांची ही सरमिसळ जुनी आहे. 19 जानेवारी 1956 रोजी तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. रायपूर ज्याचा भाग होते, त्या मध्य प्रांत व वऱ्हाडातच देशमुखांची सनदी सेवा सुरू झाली होती. 245 देशी-विदेशी विमा संस्था एकत्र करून 1 सप्टेंबर 1956 रोजी भारतीय आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. बँका विरळ असलेल्या त्या काळात विमा प्रतिनिधी हाच सामान्य माणसाच्या दारी पोहोचणारा बचतीचा दूत होता. त्यामुळे ठरावीक वर्षांनी रक्कम परत देणारी पॉलिसी म्हणजेच विमा, ही समजूत रुजली. पुढे प्राप्तिकरातील सवलतीने ती आणखी दृढ केली. आता नव्या करप्रणालीत विमा हप्त्याची वजावट मिळत नाही आणि जुन्या प्रणालीचा आधार घेणारे पगारदार कमी होत आहेत. कर वाचवण्यासाठी मार्चअखेरीस घाईने पॉलिसी घेण्याचे प्रयोजन त्यांच्यापुरते उरलेले नाही.

मग मुदत विमा प्रत्येक दाम्पत्याने घ्यावा काय? या प्रश्नाचे उत्तर सरसकट होकारार्थी नाही. दोघेही कमावते आहेत, अपत्य नाही, कर्ज नाही, आईवडील निवृत्तिवेतनावर स्वावलंबी आहेत आणि एकाच्या पगारात दुसऱ्याचे भागू शकते, अशा जोडप्याला तातडीची गरज नसते. त्यांनी आधी आरोग्य विमा आणि काही महिन्यांच्या खर्चाची शिल्लक उभी करणे अधिक शहाणपणाचे ठरेल. मात्र यांपैकी एक जरी गृहीतक बदलले, म्हणजे गृहकर्ज घेतले, बाळाची चाहूल लागली किंवा वडिलांची मिळकत थांबली, तर हिशेब बदलतो. आपण गेल्यास कोणाचे उत्पन्न थांबेल आणि किती वर्षे, हीच विम्याच्या गरजेची कसोटी आहे.

हा हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. पती कारखान्यात नोकरीला असून त्याला दरमहा 55,000 रुपये मिळतात. पत्नी शिक्षिका असून तिचा पगार 20,000 रुपये आहे. गृहकर्जाची बाकी 30 लाख रुपये आहे. पतीच्या पश्चात, कर्जाचा हप्ता वगळता, पत्नी, मूल आणि सासू-सासरे यांचा खर्च दरमहा 40,000 रुपये धरला तर 20,000 रुपयांची तूट पडते. वर्षाला ही तूट 2 लाख 40 हजार आणि 25 वर्षांत 60 लाख रुपये होते. गुंतवणुकीचा परतावा आणि पत्नीची पगारवाढ महागाईइतकीच राहील, असे येथे गृहीत धरले आहे. त्यात कर्जाचे 30 लाख मिळवून भविष्य निर्वाह निधी व इतर बचतीचे 10 लाख वजा केले, तर गरज 80 लाख रुपयांची निघते. ‘पगाराच्या दहा-पंधरा पट’ या ठोकताळ्यापेक्षा असा घरगुती हिशेब अधिक विश्वासार्ह असतो. केवळ गोल आकड्याच्या मोहाने एक कोटीची पॉलिसी घेणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, 6 टक्के महागाई धरल्यास वीस वर्षांनंतरच्या एक कोटी रुपयांचे मोल आजच्या सुमारे 31 लाखांइतकेच असेल.

‘कंपनीचा विमा आहेच’ हे समाधानही याच मापाने तपासता येते. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत वर्षाला 436 रुपयांत 2 लाख रुपयांचे संरक्षण मिळते. अल्प उत्पन्न गटासाठी ही योजना मोलाची आहे, पण वरील कुटुंबाची तूट ती दहा महिनेच भरून काढेल. भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या विम्याची कमाल रक्कम 7 लाख रुपये आहे. ती जेमतेम 35 महिने पुरेल आणि नोकरी सुटली की हे छत्रही जाते. गृहकर्जासोबत दिला जाणारा विमा बहुधा कर्जाच्या बाकीबरोबर घटत जातो आणि त्याची रक्कम प्रथम कर्जखात्यात जमा होते. घर वाचते, पण घर चालवण्यासाठी काही उरेलच असे नाही. कर्ज देताना विशिष्ट कंपनीचाच विमा घेण्याची सक्ती करता येत नाही, हेही कर्जदारांनी जाणून असावे.

निर्णय दाम्पत्याचा असला तरी विमा बहुतेकदा पतीच्याच नावाने निघतो. वरील उदाहरणात पत्नीचे 20,000 रुपये थांबले तरी घराची घडी विस्कटेल. तिने नोकरी केली नसती तरी मुलाचे संगोपन आणि वृद्धांची शुश्रूषा विकत घ्यावी लागलीच असती. त्यामुळे पत्नीच्या नावाचा स्वतंत्र, आवश्यक तेवढा विमा हा हिशेबाचाच भाग ठरतो. संयुक्त पॉलिसी स्वस्त वाटते. पण काही योजनांत एकाच्या मृत्यूनंतर ती संपुष्टात येते. म्हणून तिच्या अटी नीट वाचणे अगत्याचे आहे.

मात्र योग्य रक्कम निवडूनही विमा निष्फळ ठरू शकतो तो प्रस्ताव अर्जातील अपुऱ्या माहितीमुळे. छत्तीसगडमध्ये, तसेच पूर्व विदर्भातही, गुडाखूने दात घासण्याची सवय घरोघरी आढळते. धूम्रपान करत नाही म्हणून ‘तंबाखू नाही’ असे लिहून टाकणारे अनेक असतात. पण गुडाखू हा तंबाखूच होय. सिकलसेलसारखा या पट्ट्यात आढळणारा आजार, मधुमेह, जुनी शस्त्रक्रिया यांविषयी विचारले असेल तर तेही लिहिलेच पाहिजे. हप्ता काहीसा वाढेल, पण दावा टिकेल. विमा कायदा 1938 च्या कलम 45 नुसार, पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कंपनीला कोणत्याही कारणास्तव ती वादग्रस्त ठरवता येत नाही. त्याआधी मात्र फसवणूक किंवा महत्त्वाची माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा फेटाळला जाऊ शकतो. हप्ता चुकून बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू केल्यास ही तीन वर्षे नव्याने मोजली जातात. अर्ज प्रतिनिधीने भरला तरी खालची सही विमाधारकाची असते. पॉलिसी हाती आल्यावर ती तपासून परत करण्यासाठी 30 दिवसांची मुभा आहे. त्या अवधीत अर्जाची प्रत पती-पत्नीने एकत्र बसून वाचावी.

नामनिर्देशनाकडेही असेच दुर्लक्ष होते. लग्नाआधी घेतलेल्या पॉलिसीवर बहुधा आईचे किंवा वडिलांचे नाव असते आणि लग्नानंतर ते तसेच राहते. आईवडील, जोडीदार आणि अपत्ये यांना कायदा लाभार्थी नामनिर्देशित मानतो. तरीही वारसांत वाद उद्भवल्यास प्रकरण न्यायालयात जाऊ शकते. आईवडिलांसाठी किती आणि पत्नीसाठी किती, हे टक्केवारीने आधीच नोंदवता येते. व्यवसाय करणाऱ्यांसाठी 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याचे कलम 6 उपयुक्त आहे. पतीने पत्नी व मुलांच्या लाभासाठी या कायद्याखाली पॉलिसी घेतली, तर ती रक्कम विश्वस्त निधी मानली जाते आणि सर्वसाधारणपणे पतीचे धनको तिच्यावर हक्क सांगू शकत नाहीत. ही नोंद पॉलिसी घेतानाच करावी लागते.

दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. त्यानंतर विमा लोकपालाकडे जाता येते; छत्तीसगडसाठीचे लोकपाल कार्यालय भोपाळ येथे आहे. लोकपाल 50 लाख रुपयांपर्यंतचा निवाडा देऊ शकतात. त्यापेक्षा मोठ्या दाव्यासाठी ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. जिल्हा आयोगाचे अधिकारक्षेत्र विम्याच्या रकमेवर नव्हे, तर भरलेल्या मोबदल्यावर ठरते. त्यामुळे रायपूरच्या कुटुंबाला बहुधा रायपुरातच दाद मागता येते.

विमा नियामक प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार 2023-24 मध्ये देशातील आयुर्विम्याच्या हप्त्यांचे सकल देशांतर्गत उत्पादनाशी प्रमाण 2.8 टक्के होते. करमाफीने ते वाढेलही. पण लोक किती हप्ता भरतात यापेक्षा त्या हप्त्याने किती संरक्षण मिळते, हे अधिक महत्त्वाचे आहे. तरुण दाम्पत्याने एका संध्याकाळी कागद घेऊन बसावे, घरखर्च, कर्ज, शिल्लक आणि आपल्यावर अवलंबून असलेली माणसे एकाखाली एक लिहावीत. त्या बेरजेतून विम्याची गरज नाही असे निघाले, तर तोही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असेल. गरज निघाली, तर मात्र तो पुढच्या वर्षावर टाकण्याजोगा नाही. आणि तो कागद, पॉलिसी क्रमांकासह, घरात दोघांनाही सापडेल अशा जागी ठेवावा.