दुकानातील ढकलगाडी आणि डोक्यावरचे घमेले

पुणे-सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनच्या परिसरात गेले की रोपवाटिकांची रांगच लागते. माती, शेणखत आणि रोपांच्या पिशव्या या टोकाकडून त्या टोकाला नेण्याचे काम अशा ठिकाणी बव्हंशी स्त्रिया करतात, आणि तेही डोक्यावरील घमेल्याने. अशा बाजारपेठेत अवजारांच्या दुकानदाराने बागेसाठीच्या ढकलगाड्या विक्रीस ठेवाव्यात काय, आणि ठेवल्यास कोणत्या, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ व्यापाराचा वाटतो. वस्तुतः भांडवल, जागा आणि श्रम या तिन्हींच्या किमतींचा हिशेब त्यात गुंतलेला आहे.

गाडीची खरी स्पर्धा दुसऱ्या गाडीशी नसून घमेल्याशी आहे, हे दुकानदार सहसा ध्यानात घेत नाहीत. गाडीचे पैसे द्यायचे मालकाने आणि मान-कंबर वाचायची ती मजूर स्त्रीची. ज्याच्या खिशाला झळ, त्याला लाभ दिसत नाही. जिला लाभ, तिच्या हाती खरेदी नाही. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला, तरी शेतात काय किंवा रोपवाटिकेत काय, बाईची मजुरी गड्यापेक्षा कमीच राहत आली. श्रम असा स्वस्त मिळतो तोवर अवजारात पैसा घालण्याची निकड मालकाला भासत नाही. तेव्हा गाडी खपवायची तर वाचणाऱ्या फेऱ्यांचा हिशेब मालकासमोर मांडावा लागेल. एका घमेल्यात १५ किलो माती धरली, तर ६० किलोची एक खेप चार फेऱ्यांचे काम करते.

निवडीचा विचार करताना चकचकीत रंगापेक्षा चाकांकडे पाहावे. एकचाकी गाडीत चाक पुढे व भार मध्ये असतो. त्यामुळे भाराचा काही हिस्सा, बहुधा तिसरा, हातांना उचलावा लागतो आणि तोलही सांभाळावा लागतो. अरुंद वाफ्यांतून ती जाते, हा तिचा गुण. दुचाकी गाडीचा भार आसावर येतो. हातांनी केवळ ढकलायचे. ज्या बाजारपेठेत गाडी ढकलणारी बहुधा स्त्री असणार, तेथे दुचाकी गाडीलाच अग्रक्रम मिळायला हवा. १०० लिटरच्या मोठ्या पेटीचा मोह मात्र टाळावा. पालापाचोळ्यासाठी ती ठीक. ओल्या मातीने भरली तर दीडशे किलोंच्या पुढे जाते, आणि मग आस वाकतो, पत्रा फाटतो व गिऱ्हाईक दुकानदाराच्या नावाने शंख करते.

आता जागेचा हिशेब. समजा, ३,००० रुपयांना घेतलेली गाडी ३,६०० रुपयांना विकली जाते. जोडून उभी केलेली गाडी सुमारे १० चौरस फूट जागा अडवते. दुकानाचे भाडे चौरस फुटास महिना ६० रुपये असेल, तर एका महिन्यातच सारा ६०० रुपयांचा नफा भाड्यात जिरला. भांडवलावरचे १२ टक्के दराने महिन्याचे ३० रुपये व्याज वेगळेच. पाच प्रकारच्या पाच गाड्या दाराशी मांडून ठेवणारा व्यापारी विविधतेच्या हौसेपायी स्वतःच्याच जागेचे भाडे गिऱ्हाइकाविना भरत बसतो. सुट्या भागांत येणाऱ्या, पेट्या एकीत एक बसणाऱ्या गाड्या घ्याव्यात, नमुन्यादाखल एकच जोडून ठेवावी आणि प्रकार दोनच असावेत. (जोडणी मात्र दुकानातच करून द्यावी. बोल्ट कसण्याचे काम गिऱ्हाइकावर सोपवले की निम्म्या तक्रारी तेथेच जन्मतात.)

हाताने ढकलण्याच्या गाड्यांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ३,६०० रुपये ही करापूर्वीची किंमत धरली, तर गिऱ्हाइकाचे २५२ रुपये वाचतात. ही सवलत दुकानदाराने स्वतःच्या गल्ल्यात अडवू नये. घमेल्याशी झुंजणाऱ्या मालाला एवढाही आधार मोलाचा आहे.

माल दूरच्या कारखान्याचा घ्यावा की गावातल्या वेल्डिंगच्या कारखान्याचा, याविषयी मतभेद संभवतात. दूरचा माल स्वस्त पडेलही, परंतु पत्र्याची जाडी बदलून हवी, मूठ बाईच्या उंचीला जुळणारी हवी, तर ती गावचा कारागीरच करून देऊ शकेल. मात्र त्याचे बिल अडकवून ठेवण्याची सवय व्यापाऱ्यांनी सोडली पाहिजे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्याप्रमाणे नोंदणीकृत लहान उत्पादकाचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांतच. या मुदतीत माल खपेल एवढाच तो मागवावा. बारा गाड्या एकदम घेण्यापेक्षा तीन-तीन घेणे अशा वेळी शहाणपणाचे.

ट्यूब, बेअरिंग आणि एक जादा चाक हेही फळीवर असलेच पाहिजे. पंक्चर झालेली गाडी आठवडाभर कोपऱ्यात पडली की घमेले पुन्हा डोक्यावर चढते. रोपवाटिकांत खरी घाई पावसाळ्याच्या तोंडाशी असते. त्या दिवसांत एखादी गाडी रोजाच्या भाड्याने द्यावी आणि मालकाला फेऱ्या स्वतः मोजू द्याव्यात.