विश्लेषण : फुकटचे वाय-फाय आणि ऑफिसचे काम… धोका नेमका कुठे?

रेल्वे स्थानक, विमानतळ, कॅफे, हॉटेलची लॉबी… लॅपटॉप उघडता येईल ती जागा आता ऑफिस ठरू लागली आहे. सार्वजनिक वाय-फायवर महत्त्वाचे काम करू नये, हा सल्ला जुनाच. मात्र गेल्या काही वर्षांत धोक्याची जागा बदलली आहे. ऑस्ट्रेलियातील एका खटल्यातून ते स्पष्ट झाले.

ऑस्ट्रेलियात काय घडले?

एप्रिल २०२४ मध्ये एका देशांतर्गत उड्डाणात विमान कर्मचाऱ्यांना संशयास्पद वाय-फाय नेटवर्क आढळले. विमान कंपनीने पोलिसांना कळवले. पुढे पर्थ विमानतळावर एका प्रवाशाच्या सामानाची झडती घेतली असता लॅपटॉप व मोबाइलसोबत एक छोटे वायरलेस उपकरण सापडले. हे उपकरण खऱ्या नेटवर्कच्या नावाचे दुसरे नेटवर्क तयार करत असे. त्याला जोडल्या गेलेल्यांसमोर लॉग-इनचे बनावट पान उघडे आणि तेथे ई-मेल किंवा समाजमाध्यम खात्याचा तपशील मागितला जाई. मिळालेल्या पासवर्डच्या आधारे महिलांच्या खात्यांत शिरून त्याने खासगी छायाचित्रे चोरल्याचेही उघड झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने त्याला सात वर्षे चार महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. या प्रकारात पासवर्ड फोडावा लागला नाही. प्रवाशांनीच तो टाइप करून दिला.

तोतया नेटवर्क कसे फसवते?

या हल्ल्याला तांत्रिक भाषेत ‘इव्हिल ट्विन’ म्हणतात. वाय-फायचे नाव ही नोंदणीकृत गोष्ट नाही. कोणीही आपल्या राउटरला कोणतेही नाव देऊ शकतो. पूर्वी जोडलेल्या नेटवर्कची नावे फोन लक्षात ठेवतो. त्याच नावाचे पासवर्ड नसलेले नेटवर्क पुन्हा दिसले, की अनेकदा तो न विचारता जोडला जातो. समोरचे नेटवर्क खरे की तोतया, हे फोनला नावावरून कळत नाही. कॅफेच्या भिंतीवर चिकटवलेला पासवर्डही फारसे संरक्षण देत नाही. जो सर्वांना ठाऊक आहे, तो तोतया नेटवर्क उभारणाऱ्यालाही ठाऊक असतो.

हवेतून माहिती चोरण्याचा धोका संपला का?

संपला नाही, पण बराच घटला. २०१० मध्ये ‘फायरशीप’ नावाचे एक साधन आले होते. त्याच्या साह्याने एकाच खुल्या वाय-फायवरील दुसऱ्याच्या फेसबुक खात्यात शिरणे एका क्लिकचे काम झाले. तेव्हा बहुतांश संकेतस्थळे लॉग-इननंतरची माहिती उघडीच पाठवत. त्यानंतर ‘एचटीटीपीएस’चा प्रसार झाला आणि फोन व संकेतस्थळ यांच्यातील माहिती सांकेतिक रूपात जाऊ लागली. जुलै २०१८ पासून गुगल क्रोमने ‘एचटीटीपीएस’ नसलेल्या सर्व पानांवर ‘असुरक्षित’ असा शेरा दाखवणे सुरू केले. आज वाय-फाय चालवणाऱ्याला तुम्ही कोणते संकेतस्थळ उघडले हे दिसू शकते. तेथे काय लिहिले, हे सहसा दिसत नाही.

मात्र ‘एचटीटीपीएस’ म्हणजे प्रामाणिकपणाचा दाखला नव्हे. बनावट संकेतस्थळालाही ते मिळते. कुलपाच्या चिन्हाचा लोक चुकीचा अर्थ लावतात, हे लक्षात आल्यावर २०२३ मध्ये क्रोमने ते चिन्हच बदलले.

भारतात खबरदारी कशाची?

जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झालेली रेलटेलची वाय-फाय सेवा आज सहा हजारांहून अधिक स्थानकांवर आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम-वाणी’ योजनेला मंजुरी दिली. त्यामुळे छोट्या दुकानदारालाही परवान्याशिवाय वाय-फाय देता येऊ लागले. अशा सेवांसाठी साधारणपणे मोबाइल क्रमांक आणि ओटीपी द्यावा लागतो. त्यामुळे वाय-फाय जोडताना काहीतरी भरण्याची सवय आपल्याला लागली आहे आणि तोतयाला हीच सवय हवी असते. वाय-फायच्या पानावर ई-मेलचा पासवर्ड, कार्डाचा पिन किंवा आधार क्रमांक मागितला, एखादे अॅप वा प्रमाणपत्र इन्स्टॉल करायला सांगितले, तर तेथेच थांबावे. आलेला ओटीपी वाय-फायचाच आहे ना, हे संदेश पूर्ण वाचून तपासावे.

ऑफिसच्या कामात जोखीम वेगळी का?

वैयक्तिक खाते गेले तर नुकसान एकाचे. ऑफिसचा मेल गेला तर ग्राहकांची यादी, पगारपत्रके, करार असे बरेच काही उघडे पडते. एकाच लॉग-इनवर मेल, फाइल आणि चॅट चालत असल्याने एक पासवर्ड अनेक दारे उघडतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हा दंड संस्थेला असला, तरी चौकशी सुरू होते ती कोणाच्या लॉग-इनवरून माहिती गेली, येथून.

व्हीपीएन पुरेसे आहे का?

कंपनीने दिलेले व्हीपीएन जरूर वापरावे. त्यामुळे वाय-फाय चालवणाऱ्याला आतली वाहतूक दिसत नाही. पण बनावट पानावर स्वतःच पासवर्ड टाइप केला, तर व्हीपीएन तो अडवेलच असे नाही. शिवाय वाय-फायचे लॉग-इन पान बहुधा व्हीपीएन सुरू होण्याआधीच उघडते. मोफत व्हीपीएनबाबत तर विश्वास फक्त कॅफेमालकाकडून एका अनोळखी कंपनीकडे सरकतो.

मग काय करावे?

सर्वांत सोपा उपाय खिशातच आहे. ऑफिसच्या कामासाठी आपल्या फोनचा हॉटस्पॉट मजबूत पासवर्ड लावून वापरावा. सार्वजनिक वाय-फाय वापरावेच लागले, तर नाव काउंटरवर विचारून घ्यावे आणि काम झाल्यावर ‘फर्गेट नेटवर्क’ करावे. आपोआप जोडले जाण्याची सोय बंद ठेवावी. लॅपटॉपवर नेटवर्कचा प्रकार ‘पब्लिक’ निवडावा आणि फाइल शेअरिंग बंद करावे. ब्राउजरने प्रमाणपत्राबाबत इशारा दिला, तर ‘तरीही पुढे जा’ हा पर्याय निवडू नये. शक्य तेथे पासकी वापरावी. ती ज्या संकेतस्थळासाठी बनवली, तेथेच चालते. हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर नाही. पासवर्ड आणि ओटीपी मात्र तेथेही टाइप करता येतात.

चूक झालीच, तर?

मोबाइल डेटावर येऊन लगेच पासवर्ड बदलावा आणि सर्व उपकरणांवरून लॉग-आउट करावे. ऑफिसच्या आयटी विभागाला त्याच क्षणी सांगावे. ओशाळून दोन दिवस गप्प बसल्यास चोराला तेवढाच वेळ मिळतो. पैसे गेले असल्यास बँकेला कळवून १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करावी. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक.