टेप एचडी, पीसी एक्सपी

मंडळी, एक सोप्पा प्रश्न. तुमच्या घरात २००५ ते २०१० च्या दरम्यान कुणाचं लग्न झालंय? मग कपाटात साड्यांच्या मागे एखादी मिनी डीव्ही कॅसेट सापडायची शक्यता आहे. लग्नाची डीव्हीडी ओरखडे पडून कधीच बाद झाली असेल, पण ओरिजिनल माल त्या कॅसेटमध्ये आहे. आणि तो बाहेर काढायला तुमचा चकाचक लॅपटॉप शून्य कामाचा!

आमच्याकडची टेप २००८ ची, मामाच्या लग्नातली. आजोळ वालूर, परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातलं. चक्राकार पायऱ्यांच्या बारवेमुळे हल्ली फोटोग्राफर तिकडे वळतात. पण लग्नाच्या वेळी ती गाळाने आणि कचऱ्याने भरली होती. गावकऱ्यांनी श्रमदानाने साफ केली ती बऱ्याच नंतर. तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आजोबा शूटिंगवाल्याला घेऊन बारवेवर गेले आणि पाणी कुठल्या पायरीपर्यंत यायचं, पोरं कुठून उड्या मारायची, सगळं सांगत बसले. डीव्हीडी बनवताना एडिटिंगवाल्याने हा भाग उडवला (त्याच्या मते बोअर!). आजोबा आता नाहीत. त्यांचा आवाज उरलाय तो फक्त या टेपवर.

शूटिंगवाल्याकडे तेव्हाचा एचडीव्ही कॅमेरा होता. म्हणजे टेप साधी मिनी डीव्हीचीच, पण त्यावर रेकॉर्डिंग हाय डेफिनिशन. हे चित्र टेपवरून जसंच्या तसं उतरवायचं तर फायरवायर केबल लागते, आणि ते पोर्ट आजकालच्या लॅपटॉपवर शोधून सापडत नाही. अ‍ॅपलने तर २०२५ च्या मॅक ओएस टाहोमधून फायरवायरचा सपोर्टच काढून टाकला. शूटिंगवाल्याच्या दुकानात मात्र कॅमेराही होता आणि कव्हर घालून ठेवलेला पेंटियम फोरही. विंडोज एक्सपी, २००१ चं मॉडेल!

एक्सपीला नाकं मुरडू नका. कॅप्चर म्हणजे इथे चित्र नव्याने बनवणं नाही, टेपवरचा डेटा नुसता उतरवून घेणं आहे. सेकंदाला जेमतेम तीन एमबी. एवढं तो म्हातारा पीसी झोपेतही करतो. प्ले करताना चित्र अडखळतं, तिकडे दुर्लक्ष करायचं. फाइल ठणठणीत असते.

घोळ होतात ते वेगळ्याच ठिकाणी. एक्सपीसोबत येणाऱ्या मूव्ही मेकरला साधं डीव्ही कळतं, एचडीव्ही नाही. त्यासाठी एचडीव्ही स्प्लिट नावाचं छोटंसं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते एमटूटी फाइल बनवतं. सर्व्हिस पॅक टू टाकलेला हवा. कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये आय-लिंक कन्व्हर्शन ऑफ करा, नाहीतर एचडी टेपमधून साधं डीव्ही चित्र निघेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. केबल जोडताना कॅमेरा बंद ठेवा. चालू असताना खुपसली तर पोर्ट जळू शकतं, आणि जळलेलं पोर्ट दुरुस्त करणारा आता कुठे शोधणार? हार्ड डिस्क फॅट-३२ असेल तर चार जीबीला, म्हणजे वीस-बावीस मिनिटांत गाडी थांबते. तासाभराच्या टेपची फाइल होते अकरा जीबीच्या आसपास, तेव्हा डिस्क एनटीएफएसच हवी. आणि हो, इंटरनेटची वायर काढून ठेवा. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्येच बंद केलाय.

शॉर्टकट नाही. एका तासाच्या टेपला एक तास लागतो, आणि तेवढा वेळ माऊसला हात लावायचा नाही. मामा स्टुलावर बसून होता. मंगलाष्टकं गेली, जेवणावळी गेल्या, मग बारवेचा काठ आला आणि खाकरून आजोबा बोलायला लागले. मध्ये दोन ठिकाणी चित्राचे चौकोन झाले, आवाज तुटला. टेपची पट्टी तिथे खराब झालीय. तेवढे शब्द गेले.

बाकी सगळं आलं. फाइल दोन डिस्कवर कॉपी केली, एक वालूरला आणि एक माझ्याकडे. आजोबांचा तुकडा मोबाइलवर पाठवायला छोटा करून दिलाय. मूळ एमटूटीला मात्र मामा कुणाला हात लावू देत नाही.